विजेची मोटार आणि हमीचे दिवस



विजेच्या मोटारीविषयीं बोलूं लागलें कीं ऐकणारांचे तत्काळ दोन तट पडतात. एका तटाला ती सर्वगुणसंपन्न वाटते, तर दुसऱ्याला तें केवळ एक श्रीमंती खेळणें वाटतें. यांपैकीं कोणाचीहि वकिली आज मला करावयाची नाहीं. ज्यांच्या दाराशीं ही मोटार येऊन उभी राहिली आहे, आणि रात्रभर वीज लावूनहि सकाळीं ती रिकामीच आहे असें ज्यांना एखाद्या दिवशीं आढळून येतें, त्या गृहस्थांसाठीं व गृहिणींसाठीं मी बोलणार आहे. पेट्रोलची मोटार अडली तर नाक्यावरचा मिस्त्री निदान झांकण उघडून आंत डोकावतो. येथें तो दुरूनच हात जोडतो. मग मोटार कंपनीच्या सर्व्हिस सेंटरांत जाते आणि कित्येकदां आठवडेच्या आठवडे तेथें मुक्काम करते.

हा मुक्काम लांबतो कां? प्रत्यक्ष दुरुस्तीला फार वेळ लागतो असें नाहीं. बिघडलेला भाग काढून दुसरा बसविणें हें बहुधा एका दिवसाचें काम आहे. वेळ जातो तो एक तर सुटा भाग येण्यांत, आणि त्याहूनहि आधीं, दोष कोणाचा हें ठरविण्यांत. विजेच्या मीटरापासून मोटारीच्या बॅटरीपर्यंत जी सांखळी आहे तिला धनी अनेक. वायरिंग आपलें किंवा सोसायटीचें, भिंतीवरची पेटी एकाची, ती बसविणारा कंत्राटदार दुसरा, आणि मोटार तिसऱ्याची. हमी मात्र प्रत्येकाची आपापल्या कड्यापुरती. अशा स्थितींत जो तो शेजारच्या कड्याकडे बोट दाखवितो, यांत नवल तें काय?

म्हणून ही सांखळी थोडी समजून घेणें अवश्य आहे. भिंतीवरच्या पेटीला आपण चार्जर म्हणतों, पण खरा चार्जर मोटारीच्या पोटांत असतो. घरची वीज उलटसुलट वाहणारी, म्हणजे ए. सी.; बॅटरीला हवी असते एकाच दिशेनें वाहणारी, म्हणजे डी. सी. हें रूपांतर मोटारींतील चार्जर करतो. तो बहुधा ३.३ किंवा ७.२ किलोवॉटांचा असतो, म्हणून ३० युनिटांची बॅटरी ३.३ किलोवॉटांनीं भरावयाला सारी रात्र जाते. भिंतीवरची पेटी ही वस्तुतः द्वारपाल आहे. वीज सोडण्यापूर्वीं ती मोटारीशीं एका बारीक तारेवरून बोलते. त्या तारेवर १२ व्होल्टांचे ठोके सेकंदाला एक हजार या गतीनें पडत असतात, आणि ठोक्याच्या लांबीवरून मोटारीला कळतें कीं आपण येथून किती अँपिअर घ्यावयाचे. हें संभाषण जमलें नाहीं, किंवा अर्थिंग ठीक नाहीं असें पेटीला दिसलें, तर ती लाल दिवा लावून स्वस्थ बसते. तें तिचें कर्तव्यच आहे. तिच्यावर रागावण्यांत अर्थ नाहीं.

आपल्या जुन्या इमारतींतून अर्थिंगची दशा काय असते हें सांगावयास नकोच. खड्ड्यांतील पट्टी गंजलेली, उन्हाळ्यांत माती कोरडी ठणठणीत, आणि पंखे-दिवे चालतात म्हणून सारें आलबेल, असा आपला समज. न्यूट्रल आणि अर्थ यांमधील दाब वायरमन पांच मिनिटांत मीटरनें मोजून देतो. तो एकदोन व्होल्टांचा असला तर चिंता नाहीं. चढूं लागला तर खड्डा दुरुस्त केलाच पाहिजे. तसेंच, पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटांतून आठ-आठ तास पूर्ण भार ओढला जात असतां प्लग हाताला चटका बसण्याइतका तापत असेल, तर तो त्याच दिवशीं बंद करावा. एक्स्टेन्शनची वायर तर मधें घालूंच नये. मोटारीच्या हमीपेक्षां घर मोठें आहे.

आतां पारख कशी करावी? ज्या मोटारींत जलद चार्जिंगची सोय आहे, तेथें रस्त्यावरच्या केंद्रांतील डी. सी. वीज मोटारींतील चार्जरला वळसा घालून थेट बॅटरींत जाते. घरीं चार्जिंग होत नाहीं पण तेथें होतें, असें दिसलें तर बॅटरीविषयींची धास्ती बरीच कमी झाली. मग एखाद्या परिचिताच्या घरीं किंवा कचेरींत ए. सी. चार्जिंग करून पाहावें. तेथें झालें तर दोष आपल्या घरचा किंवा पेटीचा. तेथेंहि न झालें तर बहुतांशीं मोटारीचा. एका सायंकाळीं एवढें होतें. मात्र तें लिहून ठेवावें: तारीख, वेळ, दिव्याचा रंग, पडद्यावर आलेला संदेश अक्षरशः, आणि शक्य तर छायाचित्र. सर्व्हिस सेंटरांत गेल्यावर हटकून ऐकावें लागतें कीं ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चार्ज झाली.’ या वाक्याला तोंडी उत्तर नसतें, टिपणाचें असतें.

आमच्या शेजारीं एक गृहस्थ आहेत. त्यांच्या वयोवृद्ध मातोश्रींना आठवड्यांतून दोनदां डायालिसिसकरितां रुग्णालयांत न्यावें लागतें, आणि मोटार घेतली ती त्याच कारणासाठीं. ती चार्ज होईना, तेव्हां सर्व्हिस सेंटरनें सांगितलें कीं अर्थिंग बघा. वायरमननें सांगितलें कीं अर्थिंग उत्तम आहे. पेटी बसविणारानें दोघांनाहि वेड्यांत काढलें. तीन आठवडे असे गेले. शेवटीं त्यांच्या कन्येनें वर सांगितलेली पारख दोन ठिकाणीं केली आणि कागदावर मांडून दिली, तेव्हां मोटारींतील चार्जर बदलावयाचें ठरलें. तो परदेशांतून यावयाला आणखी तीन आठवडे! एवढ्या काळांत त्या माउलीच्या बारा फेऱ्या भाड्याच्या गाडीनें झाल्या. कंपनीच्या दृष्टीनें हमी तंतोतंत पाळली गेली, कारण चार्जर फुकट बदलून मिळाला.

दोष केवळ लहानसहान कारखान्यांच्या मालांतच असतो असें कोणी समजूं नये. ह्युंदाई आणि किआ यांच्या कांहीं मोटारींत एकाच पेटीकडे दोन कामें दिलेलीं आहेत. बाहेरची वीज मोठ्या बॅटरींत भरणें हें एक, आणि मोठ्या बॅटरींतील थोडी वीज उतरवून १२ व्होल्टांची लहान बॅटरी भरती ठेवणें हें दुसरें. या पेटीला आय. सी. सी. यू. म्हणतात. हिच्यांतील भाग जळले म्हणजे लहान बॅटरी उपाशी राहते, आणि ती संपली कीं दिवे, कुलुपें, गणकयंत्रें सारीं मुकीं होतात. चालत्या मोटारीची शक्ति मंदावत जाऊन ती रस्त्यांतच उभी राहते. खालीं शेकडों किलोमीटरांची वीज भरलेली, आणि तिचा उपयोग शून्य. कोठार धान्यानें भरलेलें असावें आणि किल्ली विहिरींत पडावी, तसा प्रकार. मार्च २०२४ मध्यें अमेरिकेंत ह्युंदाईनें, जेनेसिस धरून, ९८,८७८ आणि किआनें ४८,२३२ मोटारी या कारणासाठीं परत बोलाविल्या. त्याच वर्षीं हिंदुस्थानांत आयॉनिक ५ जातीच्या १,७४४ आणि ईव्ही ६ जातीच्या १,१३८ मोटारींना तसेंच बोलावणें गेलें. उपाय असा कीं मोटारींतील प्रणाली नवी भरावयाची, आणि जरूर तेथें पेटी व फ्यूज बदलावयाचा. एवढ्यानें भागलें नाहीं. वर्षअखेरीस अमेरिकेंत दुसरें बोलावणें काढावें लागलें, तें ह्युंदाईच्या १,४५,२३५ आणि किआच्या ६२,८७२ मोटारींना.

असें जाहीर बोलावणें निघणें हें मी कमीपणाचें मानीत नाहीं. दोष झांकण्यापेक्षां तें शतपट बरें. माझा आक्षेप हमीच्या कागदावर आहे. त्यावर वर्षें असतात, किलोमीटर असतात. बॅटरीला आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर हें तर आतां सर्वत्र परिचित झालें आहे. पण मोटार किती दिवसांत दुरुस्त करून देऊं, हा आंकडा बहुधा नसतोच. शिवाय बॅटरीची दीर्घ हमी मोटारींतील चार्जरला लागू असेलच असें नाहीं. तो पुष्कळदां सामान्य हमींत, म्हणजे थोड्या वर्षांत, मोडतो. विकत घेण्यापूर्वीं हें वाचावें, आणि दिवसांचा प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारावा. उत्तर गुळमुळीत आलें तरी तेंहि एक उत्तरच आहे.

मोटार सर्व्हिस सेंटरांत दिल्यावर प्रत्येक खेपेला जॉब कार्ड मागून घ्यावें, आणि त्यावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहविल्याशिवाय सही करूं नये. ‘तपासणी’ एवढाच मोघम शब्द लिहिण्याची तेथें फार हौस असते. भाग केव्हां येणार हें पत्रानें विचारावें, तोंवर दुसरें वाहन मागावें, आणि जितके दिवस मोटार अडकली तितके हमींत वाढवून मागावे. मिळेलच असें नाहीं. परंतु मागितल्याची नोंद राहते.

इतकें करूनहि दाद लागली नाहीं तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राशीं मराठींतहि बोलतां येतें. त्यापुढें २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. मोटारीसाठीं दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जावें, आणि तेंहि आपण राहतों त्याच जिल्ह्यांत. कंपनीच्या गांवीं खेटे घालावयाचें कारण नाहीं. दहा ते वीस लाखांच्या मोटारीला शुल्क ४०० रुपये. मुदत तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षें. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पांच महिन्यांत, देण्याचा प्रयत्न करावा असें कायदा सांगतो. प्रत्यक्षांत अधिक लागतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. आमच्या शेजाऱ्यांनीं आपला अर्ज नुकताच दाखल केला आहे. त्यांत मोटारीची किंमत परत मागितलेली नाहीं. बारा फेऱ्यांच्या भाड्याच्या पावत्या जोडल्या आहेत, आणि त्यांवर त्यांच्या कन्येचें तें दोन ठिकाणच्या पारखेचें टिपण.