पाण्यातून हायड्रोजन : नेहमी विचारले जाणारे प्रश्न
(बडोदे येथील आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झालेले भाषण)



आम्ही काही जण बडोद्याच्या खत कारखान्यात आणि कोयलीच्या रिफायनरीत उभी हयात घालवून निवृत्त झालो. गेल्या गणपतीत आरतीनंतर आमच्यापैकी एकाला नातीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही बनवायचात तो हायड्रोजन घाणेरडा होता का?" आम्हांला पटकन उत्तर सुचलं नाही. ते आज देतो.

हायड्रोजन आपल्या शहराला नवा नाही. खताला अमोनिया लागतो, अमोनियाला हायड्रोजन. डिझेलमधलं गंधक काढायलाही तोच लागतो. नैसर्गिक वायूपासून तो काढताना एका किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे नातीची शंका रास्त होती.

मग इलेक्ट्रोलायझर म्हणजे काय? शाळेतला उलट्या परीक्षानळ्यांचा प्रयोग आठवा. पाण्यात वीज सोडली की ऋण टोकाशी हायड्रोजन जमतो, धन टोकाशी ऑक्सिजन. तेच मोठ्या प्रमाणावर करायचं. मध्ये पडदा असतो, कारण हे दोन वायू मिसळले तर ठिणगीनं स्फोट होतो. तंत्र जुनंच आहे. पंजाबात नांगलच्या कारखान्यात १९६०च्या दशकात भाक्राच्या विजेवर पाणी फोडून खत बनत असे.

"पाणी किती लागतं? आजवा तलाव आटेल का?" एका किलोला नऊ लिटर, शुद्ध करताना वाया जाणारं वेगळं. दिवसाला शंभर टन हायड्रोजन काढायचा तर नुसतं फोडायलाच नऊ लाख लिटर पाणी हवं. म्हणून कारखाना कुठे उभा राहतो आणि पाणी कुणाच्या वाट्याचं घेतो, हे आधी विचारलं पाहिजे.

खरा प्रश्न विजेचा आहे. एका किलोला ५० ते ५५ युनिट वीज लागते. आपल्या ग्रीडमधली बरीचशी वीज आजही कोळशाची. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. गुणाकार करा : पस्तीस किलोंच्या वर! म्हणजे अशा विजेवर काढलेला हायड्रोजन आमच्या जुन्या हायड्रोजनहून तिपटीनं वाईट. यंत्र तेच, पाणी तेच. वीज सूर्याची, वाऱ्याची किंवा अशीच स्वच्छ असेल तरच तो स्वच्छ. आपल्या सरकारनं २०२३ साली ठरवलेल्या व्याख्येत हरित हायड्रोजनला किलोमागे दोन किलोंचीच मर्यादा आहे. तेव्हा कुणी "हरित" म्हटलं की वीज कुठली, एवढं विचारा.

"मग स्कूटर पाण्यावर चालेल का?" नाही. आमच्यापैकीच एकानं उत्साहानं तसला किट बसवून घेतला आणि पैसे घालवले. पाणी हे इंधन नव्हे. ते फोडायला लागणारी वीज त्याच इंजिनातून, म्हणजे पेट्रोलमधूनच येते. मोठ्या यंत्रांतही घट आहेच. ५० युनिट घालून काढलेल्या हायड्रोजनपासून पुन्हा वीज केली, तर १६ ते २० युनिट हाती येतात. म्हणून जिथे थेट वीज चालते, तिथे ती थेटच वापरावी. हायड्रोजन ठेवावा खतासाठी, रिफायनरीसाठी, पोलादासाठी. तिथे त्याला सहज पर्याय नाही.

"धोका?" आहे. तो हलका, झटकन वर जातो. पण चटकन पेटतो आणि दिवसा त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. कारखान्यात शिस्त हवी. घरी गच्चीवर प्रयोग नकोत, बालमित्रांनो!

आता त्या नातीचं उत्तर. बाळ, आमच्या हायड्रोजनातून झालेलं खत शेतांत गेलं, त्यातून लोकांची पोटं भरली. त्याची आम्हांला लाज नाही. पण धूरही झाला, तो नाकारणार नाही. खत तुमच्या पिढीलाही लागेलच. ते धुराशिवाय कसं करायचं, हे काम आता तुमचं. हिशोब लागला तर आम्ही संध्याकाळी मंडळात असतोच.

गणपती बाप्पा मोरया!