गवत कापा, माती नको

कर्जत-खोपोली मार्गावर पळसदरी स्टेशनात उतरलं की एका बाजूला घाट दिसतो नि दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं. कर्जत, खालापूर तालुक्यांतल्या अशा कितीतरी खाचरांवर आता फार्महाऊस नि रिसॉर्टची हिरवळ पसरली आहे. हिरवळ दोन-चार गुंठ्यांची असेल तर ढकलायचं मशिन पुरतं. एकर-दीड एकर असली की छोट्या ट्रॅक्टरमागे मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, लावावं लागतं. आणि मग जागोजाग तपकिरी पट्टे उमटतात. हिरवळीला टक्कल पडतं. बोल लागतो तो ड्रायव्हरला, पण दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो.

ट्रॅक्टरच्या मागची तीन टोकांची जोडणी प्रचारात आणली ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी. ती मुख्यतः नांगरासाठी होती. अवजार जमिनीत घुसावं नि ट्रॅक्टरने त्याला धरून ठेवावं, हा तिचा हेतू. मोअरचं काम नेमकं उलटं. त्याने जमिनीवरून, जमिनीच्या चढउतारानुसार चालायचं असतं. म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेवा : मोअर ट्रॅक्टरला टांगलेला नको, तो स्वतःच्या चाकांवर चालला पाहिजे. टांगलेला असला की ट्रॅक्टरचं चाक खड्ड्यात गेल्याबरोबर पातंही खाली जातं आणि गवताबरोबर माती खरवडतं.

आता मांडणी कशी करायची ते पाहू. ट्रॅक्टर खळ्यावर किंवा काँक्रीटवर, सपाट जागी घ्या. मागच्या दोन्ही टायरमधली हवा सारखी करा. मोअर खाली टेकवा, पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात. मोअरची चारही चाकं एकाच उंचीच्या भोकात बसवा. उजव्या लिफ्ट रॉडचा स्क्रू फिरवून दोन्ही बाजू समान करा. मग जाड हातमोजे घालून पातं हाताने फिरवा आणि त्याच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. डावं-उजवं सारखं हवं. पुढची बाजू मागच्यापेक्षा साधारण पाव इंच खाली हवी. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत असतो, तो प्रमाण माना.

नंतर टॉपलिंक. ती ताणून घट्ट करू नका. बऱ्याच मोअरला तिथे झुलतं ब्रॅकेट किंवा लांबट भोक असतं. सपाटीवर पिन त्या भोकाच्या मधोमध राहिली, की पुढेमागे हलायला वाव मिळतो. लिफ्टचा पोझिशन लिव्हर पूर्ण खाली ठेवा, म्हणजे वजन मोअरच्या चाकांवर येईल. चेक चेन आवळा, म्हणजे यंत्र डावी-उजवीकडे डोलणार नाही.

हे सगळं केलं तरी आपल्याकडची एक अडचण उरते, ती जुन्या बांधांची. खाचरं सपाट केली तरी बांधाची वरवंटी कुठेतरी राहतेच. पाच फुटी मोअरची चाकं तिच्या दोन्ही अंगांनी गेली, की मधलं पातं माथा सोलून काढतं. अशा जागी बांधाच्या रेषेवरून चालवू नका, तिरकं नि सावकाश ओलांडा. दरवर्षी तिथेच टक्कल पडत असेल तर उन्हाळ्याआधी हिरवळीचा थर उचलून खालची माती काढा नि थर परत बसवा.

दुसरी अडचण पावसाची. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ट्रॅक्टर आत घालता येत नाही नि गवत वाढत राहतं. मग उघडीप मिळाली की एकदम बुडापर्यंत कापायची घाई होते. हरळीची हिरवी पानं वरच्या भागात असतात, खाली नुसत्या काड्या. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नये. सहा इंच गवत आधी चारवर आणा, चार-पाच दिवसांनी तीनवर. गुडघाभर वाढलं असेल तर वरचं गवत विळ्याने काढा. ते गुरांच्याही कामी येईल. आणि टाच रुतते अशा ओल्या जमिनीवर ट्रॅक्टर मुळीच घालू नका. चाकोऱ्या पडल्या की पुढच्या कापणीला पुन्हा टक्कल ठरलेलं.

एवढी काळजी कशाला, असं कोणी विचारील. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोललेली हिरवळ पाणी न दिल्यास पुढच्या पावसापर्यंत सावरत नाही. उघड्या जागेत लव्हाळा नि गाजरगवत शिरतं. आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरीत उताराची माती ओढ्यात जाते. गवत पुन्हा लावता येतं. वाहून गेलेली माती परत आणता येत नाही.

शेवटी एक सांगतो. कापणीआधी जागा पायी फिरून पाहा. पावसाने उघडे पडलेले दगड पात्यात सापडले तर गोळीसारखे सुटतात. मुलं, माणसं, गुरं दूर ठेवा. लिफ्टने नुसत्या उचललेल्या मोअरखाली कधीही हात घालू नका. आधी खाली भक्कम ठोकळे लावा. टेप घेऊन मोजायला वीस मिनिटं लागतात. सुरुवातीला दहा पावलं कापून, उतरून, मागे वळून पाहा. तपकिरी दिसलं तर तिथेच थांबा नि उंची वाढवा.