आरोग्याची सक्ती आणि कामगाराची संमती

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा गोषवारा)



कचेऱ्यांत आणि कारखान्यांत अलीकडे 'वेलनेस' हा शब्द रूढ होत आहे. वजन घटवा, पावले मोजा, रक्त तपासून घ्या, असा उपदेश व्यवस्थापन करते आणि कामगार बहुधा त्याकडे पाठ फिरवतो. मग प्रश्न विचारला जातो की, या लोकांना त्यांच्याच हिताची गोष्ट पटवावी कशी? या प्रश्नाच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे. कामगाराची प्रकृती बिघडते ती त्याच्या सवयींमुळे, कामाच्या स्वरूपाशी तिचा संबंध नाही, हे ते गृहीतक होय. त्याची छाननी अवश्य केली पाहिजे.

अमेरिकेत आरोग्यविमा बहुतांशी नोकरीशी बांधलेला आहे. त्यामुळे नोकराच्या आजाराचा खर्च मालकाच्या हिशेबवहीत चढतो. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने ठरावीक आरोग्य-निकष गाठणाऱ्यांना विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा मालकांना दिली. एकाला दिलेली सवलत हा दुसऱ्यावर बसवलेला दंडच असतो, हे सांगायला अर्थशास्त्र नको. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात शिक्षकांवर पावले मोजणारी अशीच एक योजना लादली जात होती. सामील न होणाऱ्याने दरमहा २५ डॉलर जादा भरावेत, असा नियम होता. चालण्याला कोणाचाच विरोध नव्हता. आपल्या शरीराची नोंद सरकारने ठेवावी, याची चीड होती. सरकारला ही सक्ती सोडावी लागली. पण वेतन आणि विमा यांचे प्रश्न उरलेच होते. २२ फेब्रुवारी २०१८ पासून राज्याच्या सर्व ५५ काउंट्यांतील शाळा बंद पडल्या आणि ५ टक्के वेतनवाढ मिळवूनच तो संप मिटला.

या योजनांनी निदान पैसा तरी वाचतो काय? २०१० साली हार्वर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी आधीच्या पाहण्यांवरून हिशेब मांडला होता, की एक डॉलर खर्चावा तर औषधोपचाराचे सुमारे सव्वातीन डॉलर वाचतात. पुढे इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये सुमारे ५ हजार कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून प्रयोग केला. त्यात दिसले, की अशा योजनांत येतात ते मुळातच कमी आजारी असतात. २०१९ साली सुमारे ३३ हजार दुकान-कर्मचाऱ्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष आले. दीड वर्षात व्यायाम करतो असे सांगणारे वाढले. रक्तदाब, वजन, गैरहजेरी आणि खर्च यांत लक्षणीय फरक पडला नाही. हा निष्कर्ष मांडणारे दोघे २०१० च्या हिशेबाच्या कर्त्यांपैकीच होते.

मग आजाराचे मूळ कोठे आहे? ब्रिटनमधील सरकारी नोकरांची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. तिच्यात खालच्या श्रेणीतील नोकरांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीहून कितीतरी अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब करूनही तफावतीचा मोठा भाग उरलाच. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीने दाखवले, की स्वतःच्या कामावर ज्याचा ताबा कमी, त्याला हृदयविकाराचा धोका अधिक. हुकूम झेलणे हेही प्रकृतीला बाधते.

आपला इतिहास वेगळे काय सांगतो? १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी रविवारची सुटी मिळवली. आरोग्याची याहून थोर योजना कोणती? तीत सामील व्हा, असे कोणाला पटवावे लागले नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने उपाहारगृहाची तरतूद करताना त्याच्या व्यवस्थापनात कामगारांना प्रतिनिधित्व देण्याचे तत्त्व मान्य केले होते. तेच तत्त्व येथे लागू करावयाचे आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी अशा योजना सरसकट झिडकारू नयेत. वेळीच झालेल्या रक्तदाबाच्या तपासणीने माणूस वाचू शकतो. मात्र चार अटी ठामपणे मांडाव्यात. तपासणी आणि व्यायाम पगारी वेळेत व्हावेत. तपासणीचा निकाल डॉक्टर आणि कामगार यांच्यापुरताच राहावा. सामील होण्या-न होण्याचा वेतनाशी वा बढतीशी संबंध नसावा. आणि योजना आखणाऱ्या समितीत कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी निम्मे असावेत, म्हणजे पावलांच्या आधी पाळ्या, विश्रांती, धूळ आणि हवा यांची मोजणी होईल.

एवढे झाले, तर कामगारांचे मन वळवण्यासाठी बक्षिसे वाटावी लागणार नाहीत. एवढे करण्याची व्यवस्थापनाची तयारी नसेल, तर त्याला कोणाच्या प्रकृतीची काळजी आहे, हे उघड होईल.