काखेतील कळसा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला चार विरंगुळ्याचे शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. गंभीर विषय सकाळीच आटोपले, भोजनही उत्तम झाले. तेव्हा श्रोत्यांस झोप लागू न देणे एवढेच काम मजकडे उरले आहे. प्राथमिक शाळेत ३८ वर्षे मी हेच केले. मधल्या सुटीनंतरच्या तासाला मुलांना जागे कसे ठेवावे, याचा अनुभव मला आहे. त्याचा एकच उपाय असतो. मास्तरांनी स्वतःची फजिती सांगावी. दुसऱ्या कशालाही न जागणारे मूल मास्तरांच्या फजितीला हमखास जागे होते.

माझ्यापाशी या मालाची वाण नाही. गेल्याच महिन्यात सकाळी वर्तमानपत्र हाती घेतले आणि पाहतो तो चष्मा नाही. देवघर, ओटा, उशीखाली, सगळीकडे धुंडाळले. शेवटी सौभाग्यवतींवर रागावून म्हणालो, "या घरात वस्तू जागेवर म्हणून राहत नाही!" त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, एकदा कपाळाला विचारून पाहा." चष्मा कपाळावर होता. त्यानंतर आठ दिवसांनी पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला. बोलता बोलता मी खिसे चाचपू लागलो आणि त्याला म्हणालो, "थांब जरा, माझा मोबाइल कोठे पडला आहे तो पाहतो." क्षणभर तिकडे शांतता पसरली. मग तो म्हणाला, "बाबा, तुमच्या कानाशी काय आहे?"

आपण हसलात, याचा आनंद आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही. त्यांच्याही काखेत कळसे सापडत असले पाहिजेत. मात्र या म्हणीत एक गोष्ट सांगावयाची राहून गेली आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. कळसा शोधत गावाला वळसा घालणारा माणूस वाटेत गप्प बसत नाही. तो दारोदार विचारीत जातो, आणि विचारता विचारता कोणा ना कोणावर संशय घेतो. पुढे कळसा काखेतच सापडतो आणि सर्वजण हसतात. ज्याच्यावर संशय घेतला, तो हसतो की नाही, हे पाहावयास मात्र कोणी थांबत नाही.

मागील वर्षीच्या संमेलनातील माझा पराक्रम आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. निघताना माझ्या नव्या चपला जागेवर दिसेनात. मी दारातच आवाज चढविला. पादत्राणांपाशी उभ्या असलेल्या तरुण स्वयंसेवकाला म्हणालो, "येथे उभे राहून काय करीत होतास? की तुझ्याच कोणा मित्राच्या पायांत गेल्या?" बिचारा अर्धा तास ओणवा होऊन शोधीत होता. अखेर कोपऱ्यात एक जुना जोड उरला, तो माझाच निघाला. नव्या चपला घरी खोक्यात होत्या; मी त्या दिवशी घालूनच आलो नव्हतो. सर्वजण पोट धरून हसले. मीही हसलो. तो मुलगा हसला नाही. तो नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

त्याच्या त्या पाहण्याने मला रात्रभर झोप आली नाही, कारण तसे पाहणे मी पूर्वी एकदा पाहिलेले होते. आज मला जे सांगावयाचे आहे ते तेच.

शाळेच्या सहलीच्या पैशांची माझी गोष्ट मी याच व्यासपीठावरून निदान दोनदा सांगितली आहे. १९८९ साली मी सातारा जिल्ह्यातील एका लहान गावी शिक्षक होतो. चौथीच्या वर्गाची सहल प्रतापगडला न्यावयाची होती. २४ मुलांचे प्रत्येकी १५ रुपये, असे ३६० रुपये मी पाकिटात जमा केले. त्या काळच्या माझ्या पगाराचा तो चांगलाच मोठा हिस्सा होता. एके दिवशी पाहतो तो पाकीट नाहीसे झालेले. उसनवार करून मी रक्कम भरली, सहल झाली, आणि सतराव्या दिवशी पाकीट सापडले. हजेरीपटाला मीच खाकी कागदाचे वेष्टन घातले होते. कपाटाचे कुलूप ढिले म्हणून पाकीट सुरक्षित राहावे, यासाठी मीच ते त्या वेष्टनाच्या आतील घडीत ठेवले होते. म्हणजे सतरा दिवस रोज सकाळी मी ते पैसे हाती धरून मुलांची हजेरी घेत होतो!

ही गोष्ट ऐकून आपण दोन्ही वेळा खूप हसला होता. परंतु बंधूंनो, ती गोष्ट मी आपणांस पुरी सांगितलेली नव्हती. तिच्यातून मी एक मुलगा गाळला होता.

त्या वर्षी गावाजवळ रस्त्याचे काम चालू होते. खडी फोडणारी कुटुंबे पालांत उतरली होती. त्यांतील एक दहा वर्षांचा मुलगा माझ्या वर्गात बसे. त्याच्या कागदावर 'विमुक्त जाती' अशी नोंद होती. सहलीचे पैसे न देणारा वर्गात तो एकटाच होता. पाकीट हरवल्याचे ध्यानात येताच माझी दृष्टी दुसऱ्या कोणाकडे वळलीच नाही. मी त्याला पुढे बोलाविले आणि सगळ्या वर्गासमोर त्याचे दप्तर जमिनीवर उपडे केले. त्यातून एक पाटी, पेन्सिलीचे तीन तुकडे आणि फडक्यात बांधलेली भाकरी निघाली. तो एवढेच म्हणाला, "मी न्हाई घेतलं, गुर्जी." तो रडला नाही. नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. पाकीट सापडले त्या संध्याकाळी मी पालांकडे गेलो. तेथे चुलींची राख आणि खडीचा चुरा एवढेच शिल्लक होते. काम पुढे सरकले होते. कोणत्या गावी, याची चौकशी करता आली असती. मी ती केली नाही. पैसे सापडल्याचा आनंद मोठा होता आणि शाळेत हशाही पुष्कळ झाला होता. त्या हशात माझे उरलेले काम बुडून गेले.

याहूनही लाज वाटावी अशी एक गोष्ट आहे. मुख्याध्यापकांना मी छातीठोकपणे सांगितले होते, "मधल्या सुटीत त्याला टेबलाच्या खणापाशी उभा असलेला मी डोळ्यांनी पाहिला." मी खोटे बोलत नव्हतो. ते दृश्य मला खरोखरच दिसत होते. पुढे एका सहकाऱ्याने आठवण दिली की त्या दिवशी मधल्या सुटीत मी शाळेत नव्हतोच. त्याच्याबरोबर पोस्टात गेलो होतो. मग मी पाहिले ते काय?

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या मानसशास्त्राचा अभ्यास करते. तिने मला एक प्रयोग समजावून सांगितला. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अभ्यासकांनी १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचा लहानसा चित्रपट दाखविला. त्यांपैकी ५० जणांना विचारले की, मोटारी एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या ५० जणांना विचारताना मोटारी एकमेकींना 'लागल्या', असा सौम्य शब्द वापरला. उरलेल्या ५० जणांना वेगाविषयी काहीच विचारले नाही. आठवड्यानंतर सर्वांना प्रश्न केला, "फुटलेली काच पाहिलीत काय?" चित्रपटात काच फुटलेली नव्हती. तरी चुराड्याचा शब्द ऐकलेल्यांपैकी १६ जणांनी काच पाहिल्याचे सांगितले. सौम्य शब्द ऐकलेल्यांत असे ७ आणि उरलेल्यांत ६ जण निघाले. एका शब्दाने माणसाच्या डोळ्यांपुढे नसलेली काच उभी केली.

माझ्या डोळ्यांपुढे नसलेला मुलगा कोणत्या शब्दाने उभा केला? त्या मुलाच्या कागदावरील शब्दाने. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढविली. तान्हे मूलसुद्धा गुन्हेगार जमातीचे म्हणून जन्मास येई. मोठ्या माणसांना हजेरी द्यावी लागे. सोलापुरास त्यांना तारेच्या कुंपणात ठेविले होते. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणविल्या गेल्या. हे सारे मला ठाऊक होते. तथापि सरकारने १९५२ साली रद्द केलेला कायदा माझ्या मनात १९८९ साली चालूच होता. तो मुलगा आपल्या ज्ञातीचा असता, तर मी त्याचे दप्तर उपडे केले असते काय? मी स्वतःला हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला आहे. उत्तर नाही असे आहे. मी आधी माझा हजेरीपट झाडून पाहिला असता.

ज्ञातीच्या मेळाव्यात असे बोलणे कदाचित कोणास रुचणार नाही. आपण एकत्र येतो ते परस्परांस साहाय्य करावे म्हणून, आणि ते योग्यच आहे. आपल्या माणसाविषयी मनात विश्वास आधी येतो आणि संशय मागून. हा आपलेपणाचा गुण खरा. परंतु परक्याच्या बाबतीत तोच क्रम उलटा होतो, आणि मग एखाद्या मुलाची शाळा सुटते. तो मुलगा आज पंचेचाळिशीच्या घरात असेल. त्याची मुले शाळेत गेली की नाही, मला ठाऊक नाही. कोणा गुरुजीने वर्गासमोर भाकरी जमिनीवर टाकली होती, हे त्याने त्यांना सांगितले असेल काय?

माझ्याजवळ मोठा उपदेश नाही. घरातील वापराचे दोन नियम तेवढे सांगतो. वस्तू हरवली की प्रथम आपली काख, कपाळ आणि खिसा तीनदा तपासावा. त्याआधी तोंडातून कोणाचे नाव काढू नये. आणि आळ चारचौघांत घेतला असेल, तर क्षमाही चारचौघांतच मागावी. वस्तू सापडली म्हणजे हिशेब मिटला, असे समजू नये.

मागील वर्षी पादत्राणांपाशी उभा असलेला स्वयंसेवक आज या सभागृहात आहे, असे मला कार्यवाहांनी सांगितले. बाळ, माझे चुकले. मी तुझी क्षमा मागतो.

दुसऱ्या मुलाची क्षमा मागण्याची संधी मी घालविली आहे. म्हणून मंडळाच्या पुस्तक-साहाय्य निधीत ५,००० रुपये देत आहे. ही रक्कम दरवर्षी देण्याचा माझा मानस आहे. तिला एकच अट आहे. या पैशांची पुस्तके आपल्या ज्ञातीबाहेरील, पाल ठोकून राहणाऱ्या एखाद्या मुलास मिळावीत. निधीच्या नियमांत तशी तरतूद नाही, हे मी जाणतो. नियम बदलणे कार्यकारिणीच्या हाती आहे. ती याचा विचार करील, अशी विनंती करतो.

पुढील वर्षी आपण मला बोलाविलेत, तर पाकिटाची गोष्ट पुन्हा सांगेन. परंतु यापुढे ती पुरी सांगेन.