जुन्या जीपचे इंजिन बदलण्यापूर्वी
(गणेशपुरी, ता. भिवंडी येथील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मी कृषिविद्या शिकवतो. भातातील तण किंवा भातानंतरचा वाल यावर मी बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. परंतु मागील खेपेस शिवारफेरी आटोपून निघताना येथील दोघा-तिघांनी मला अंगणातील जुनी पेट्रोल जीप दाखवली आणि विचारले, "साहेब, हिच्यात डिझेल इंजिन टाकावे का?" तेव्हा मी उत्तर टाळले. आज देतो, कारण हाच प्रश्न आमच्या घराला एकदा महागात पडला आहे.

महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीप जोडण्यास सुरुवात केली. पुढच्या काळात त्या जीपमध्ये आलेले सुमारे 2,200 सी.सी.चे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन दणकट होते, पण पेट्रोलही तसेच पीत असे. 1970 च्या दशकात कंपनीनेच इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले. 1980 च्या दशकात प्यूजो बनावटीचे डिझेल इंजिन आले. तेव्हा कल्पना काही वेडगळ नाही. फरक एवढाच की, कारखान्याने इंजिनाबरोबर बाकीची गाडीही जुळवून घेतली. गॅरेजमध्ये बहुधा इंजिन तेवढे बदलले जाते.

जुळवणी म्हणजे काय, ते हिशेबाने पाहू. 6.00-16 मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण 2.2 मीटर पुढे जातो, म्हणजे किलोमीटरला सुमारे 455 फेरे. जुन्या पेट्रोल जीपच्या डिफरन्सियलचे प्रमाण अनेकदा 5.38 असते. 455 ला 5.38 ने गुणले की जवळजवळ 2,450 येतात. टॉप गिअरमध्ये एक किलोमीटर जाण्यास इंजिनाला इतके फेरे घ्यावे लागतात. ताशी 60 किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, अर्थात मिनिटाला 2,450 फेरे. पेट्रोल इंजिनाला हे सहज झेपते, कारण ते 4,000 पर्यंत जाते. पण ट्रॅक्टरच्या जातीचे इंजिन 1,900 फेऱ्यांवर थांबत असेल, तर जीप ताशी 46-47 च्या पुढे सरकणार नाही. विहिरीवरचे 1,500 फेऱ्यांचे इंजिन बसवले तर 37 लाच संपले. शिवाय पाच अश्वशक्तीवर भरलेली जीप चढ चढणार नाही, हे वेगळे सांगायला नको. मग मालक गव्हर्नरचे सील तोडून फेरे वाढवतो आणि काही महिन्यांत कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

आपल्या जीपचे प्रमाण घरीच मोजता येते. मागचे एक चाक जॅकवर घ्या, दुसरे जमिनीवर राहू द्या. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. या जुन्या जीपचा हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवरच असतो, म्हणून तो सोडावा लागतो. तेव्हा बाकी चाकांना आधी दगड लावा. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फेरे फिरला ते खडूच्या खुणेवरून मोजा. सव्वापाच ते साडेपाच फेरे भरले तर प्रमाण 5.38 समजावे. ही मोजणी न करता इंजिनाचा सौदा करू नये.

आता आमच्या घरची गोष्ट. 2004 साली, मी शाळेत असताना, वडिलांनी मोडीत निघालेल्या एका व्हॅनचे डिझेल इंजिन आमच्या जीपमध्ये बसवून घेतले. डिझेल इंजिन जड आणि थरथरणारे. मिस्त्रीने माउंटिंगचे ब्रॅकेट नवे न करता जुन्यालाच पट्टी वेल्ड केली. पुढचे पाटे बसले, तेही तसेच ठेवले. एके पहाटे टोमॅटो भरून बाजाराला जाताना वेल्डिंग सुटले, इंजिन पुढे सरकले, पंख्याने रेडिएटर कापला. जीप रस्त्यात थांबली आणि मागून टेम्पो आदळला. वडिलांचा पाय मोडला. विम्याच्या पाहणीत इंजिन नंबर आर.सी. बुकाशी जुळला नाही आणि दावा नामंजूर झाला. माल गेला तो गेलाच. त्या साली कांद्याची लागवड उसनवारीवर झाली.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. त्याच जातीचे इंजिन बदलायचे असले, तरी आधी परिवहन कार्यालयात जा, मग गॅरेजमध्ये.

पूर्वी डिझेलचा दर पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास असे, म्हणून इंजिन बदलण्याची लाट आली. डिझेलचे दर ऑक्टोबर 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि आज ती तफावत फार कमी उरली आहे. केवळ हंगामात भेंडी-गवार अन् गवताचे भारे वाहणाऱ्या जीपवर इंजिनाचा खर्च किती वर्षांत फिटेल, ते ज्याने त्याने मांडून पाहावे.

माझ्या मते अशा बहुतेक जीपमध्ये आधी कार्बुरेटर पाहावा. प्लग काढून पाहा. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते, पांढराफटक असेल तर कमी, बिस्किटी रंग असेल तर ठीक. थ्रॉटलची दांडी हाताने हलत असेल तर तिथून फुकटची हवा शिरते. नुसते जेट बदलून ते भागत नाही. दुसऱ्या गाडीचा मोठा कार्बुरेटर लावण्याची हौस टाळावी. त्याचा गळा रुंद, त्यामुळे कमी फेऱ्यांवर हवेचा वेग पडतो आणि पेट्रोलचे तुषार नीट होत नाहीत. आपले काम तर कमी फेऱ्यांचेच.

एक नवी गोष्टही लक्षात घ्यावी. 2025 मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोचले. हे इथेनॉल आपल्याच उसाचे, मक्याचे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुन्या कार्बुरेटरला ते मिश्रण थोडे पातळ पडते, जुने रबरी पाइप फुगतात आणि टाकीतला साचलेला गाळ सुटून जेटमध्ये अडकतो. म्हणून टाकी एकदा उतरवून धुवावी, पाइप नव्या जातीचे घ्यावेत आणि फिल्टर बसवावा. पावसाळ्यात जीप चार महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नये. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि तळाशी वेगळा थर धरते. गाडी सुरू झाली नाही की आपण दोष इंजिनाला देतो.

आता जीप जवळच आहे, तेव्हा ज्यांना चाकाचे फेरे मोजून पाहायचे असतील त्यांनी जॅक घेऊन यावे.