सामाईक वर्कशॉपमधील मिग यंत्र



आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या गावांत लोखंडाच्या कामाला तोटा नाही. ट्रॉलीचा हूक, नांगराचा फाळ, शाळेचे फाटक, खिडकीचे गज, काही ना काही मोडलेले असतेच. पण वेल्डिंगचे चांगले यंत्र एकट्याला परवडत नाही. मग चारचौघे वर्गणी काढतात, किंवा शाळेच्या कर्मशाळेत एक यंत्र येते आणि गाव ते वापरू लागते. आज बोलायचे आहे ते अशा सर्वांच्या यंत्राविषयी. मी मराठीचा अध्यापक. लोखंडाची विद्या माझी नव्हे. कॉलेजची बाके दुरुस्त करण्याच्या निमित्ताने अशा एका वर्कशॉपात गेलो आणि चुका करत थोडेफार शिकलो, एवढीच माझी पुंजी.

रॉडचे वेल्डिंग आपण सर्वांनी पाहिले आहे. रॉडवरचा लेप जळतो आणि तोच वितळलेल्या लोखंडाला हवेपासून राखतो. मिगमध्ये लेप नाही. रिळावरची बारीक तार, बहुधा ०.८ मिलिमीटरची, गनमधून आपोआप पुढे सरकते आणि तिच्याभोवती वायूचे आवरण सुटते. अमेरिकेतील बॅटेल संशोधनसंस्थेत १९४८ साली ही रीत सिद्ध झाली, तेव्हा आर्गॉनसारखा महाग वायू लागे. १९५३ च्या सुमारास स्वस्त कार्बन डायऑक्साइडवर काम भागू लागले. आपले कारागीर या यंत्राला 'सीओटू' म्हणतात ते त्यावरूनच.

हे वायूचे आवरण फार नाजूक असते. माझे पहिले बाक मी पडवीत, वाऱ्यावर जोडायला घेतले. सांधा घावनासारखा जाळीदार झाला. मी यंत्राला नावे ठेवली. शेजारच्या पोराने काही न बोलता वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री टांगली आणि म्हणाला, "सर, आता करा." सांधा साफ आला!

पण जाळीदार सांधा निदान डोळ्यांना दिसतो. खरी भीती आहे ती वरून सुबक दिसणाऱ्या सांध्याची. मिगची तार भराभर येते. विजेचा जोर कमी आणि पत्रा जाड असला, तर वितळलेले लोखंड आत न शिरता नुसते वर बसते. हात फिरवावा तर गुळगुळीत, आणि आत काहीच धरलेले नसते. गावात सगळ्यांचे पंप चालू असताना व्होल्टेज पडते, तेव्हा हे हमखास घडते. म्हणून त्याच जाडीचे दोन तुकडे आधी जोडा, शेगड्यात पकडा आणि हातोड्याने वाकवून पाहा. सांधा उकलला तर यंत्र पुन्हा लावून घ्या. ट्रॉलीचा हूक नवशिक्याच्या हाती तर देऊच नका. माळशेजच्या वळणावर भरलेली ट्रॉली सुटली, तर तुम्ही वर्कशॉपात कितीही हळहळलात तरी उपयोग नाही.

आता सामाईकपणाची गोष्ट. आपल्याकडे म्हणतात ना, बारभाईंची खेती! यंत्र मोडते ते कामाने कमी आणि "मी गेल्यावर कुणी तरी पाहील" या वृत्तीने जास्त. गनच्या टोकाची तांब्याची टिप झिजते, तिचे भोक लांबट होते आणि तार अडकू लागते. टिप बदलणे पाच मिनिटांचे काम. ते टाळून लोक रोलर आवळतात. तार चेपते, तिच्यावरचे तांबे सोलून लायनरमध्ये साचते आणि अखेर रोलरपाशी तारेचा गुंता होतो. रोलर एवढाच आवळावा की तार लाकडावर अडली तर ती तिथे घसरावी. रीळ बदलाल तेव्हा लायनरमधून हवा मारून घ्या. नोझलमध्ये चिकटलेले लोखंडाचे थेंबही रोज काढा, नाहीतर वायूची वाट अडते.

वायूचा हिशेब तर फारच फसवा. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूप असतो. त्यामुळे दाबाचा काटा अखेरपर्यंत जवळजवळ जागचा हलत नाही, आणि हलला की संपतच आले समजा. घरातल्या गॅसचा अनुभव गृहिणींना विचारा! एका किलोचा सुमारे ५४० लिटर वायू होतो. मिनिटाला १२ लिटर सोडलात, तर ४५ मिनिटे पुरतो. तेव्हा काट्यावर विसंबू नका. सिलिंडर वजन करून घ्या आणि भिंतीला साखळीने बांधा. शेजारी वही टांगा. कोणी किती वेळ चालवले, टिप कधी बदलली, काय बिघडले, ते ज्याने त्याने लिहावे.

शिक्षकबंधूंनी येथे पुणे जिल्ह्यातील पाबळ आठवावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम काढला. गावाची खरी कामे करता करता मुलांनी शिकावे, ही तिथली रीत. वही लिहिणे हेही त्या शिक्षणातच मोडते, असे मला वाटते. भाषेचा मास्तर आहे, एवढे म्हणणारच!

डोळ्यांबद्दल मात्र हयगय नको. काचेशिवाय क्षणभर पाहिले तरी त्या वेळी काही वाटत नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यागत होते. बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डॉक्टरांकडे जा. बघ्या पोरांना पडद्याआड ठेवा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जोडताना धूर अंगात गेला, तर संध्याकाळी थंडीताप भरतो. मुलामा आधी घासून काढा, दारे उघडी ठेवा. आता वाऱ्याला आडोसा करायचा आणि दारेही उघडी ठेवायची, ही कसरत आहे खरी. आडोसा सांध्यापुरता, हवा माणसापुरती, असे जमवावे लागते.

पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे भिंतीसुद्धा घाम गाळतात. यंत्रात राहिलेल्या तारेवर आठ दिवसांत गंज चढतो, आणि गंजकी तार लायनर खाते. संध्याकाळी रीळ काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओल्या पायांनी गन हातात धरू नका. पेंढ्याची गंजी जवळ असेल तर काम दुसरीकडे न्या. निघताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, नळीतला वायू सोडा, गनची केबल पीळ न घालता खुंटीवर अडकवा, आणि मग वहीत आपले नाव लिहा.