तिकडच्या मुलांचे कागद

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



कालपासून सात-आठ जणांनी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "आमच्या पोराचं तिकडे काय होणार गं?" मी न्यू जर्सीत इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात काम करते. मी स्वतः वकील नाही, हे आधीच सांगते. संयोजक म्हणाले, सगळ्यांना एकदमच सांगून टाक.

१९ सप्टेंबर २०२५ला एच-१बीवर एक लाख डॉलरचा आदेश निघाला, तेव्हा सुट्टीवर आलेली माणसं रातोरात विमानतळावर धावली. खुलासे मागाहून आले. ती रक्कम मुख्यतः अमेरिकेबाहेर असलेल्यांच्या नव्या अर्जांसाठी आहे. जुन्या व्हिसाच्या नूतनीकरणाला ती नाही, आणि तिथेच शिकून विद्यार्थ्याचा एच-१बी करून घेणाऱ्यांनाही सहसा नाही. दुसरा बदल कमी गाजला, पण आपल्या सुनांना तोच जास्त बोचतो. एच-४वरच्या वर्क परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत गेला की जुनं परमिट ५४० दिवसांपर्यंत चालायचं. ३० ऑक्टोबर २०२५पासून केलेल्या अर्जांना ती सवलत नाही. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी अर्ज करता येतो, तेव्हाच करायला सांगा.

व्हेनेझुएलाच्या लोकांचं तात्पुरतं संरक्षण त्याच वर्षी काढून घेतलं. आपल्याला ते कधी लागू नव्हतंच. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे : नियम बदलला की आठवड्याभरात 'काम करून देणारे' उगवतात.

गेल्या वर्षी आमच्याकडे पुण्याकडचा एक मुलगा आला. लॉटरीत तीनदा नाव आलं नव्हतं आणि शिक्षणानंतर काम करण्याची मुदत संपत आली होती. एका 'कन्सल्टंट'ने चार हजार डॉलर घेतले आणि सहा-सात महिन्यांनी खरंखुरं वर्क परमिट हातात दिलं. मुलगा खूश. कार्डावर कोड होता सी०८. म्हणजे आश्रयाचा अर्ज प्रलंबित! भारतात याच्या जिवाला धोका आहे, असं त्याच्या नावाने लिहिलेलं. सही कोऱ्या फॉर्मवर घेतलेली, अर्ज त्याने वाचलेलाच नव्हता. असा अर्ज जाणूनबुजून खोटा केल्याचं ठरलं, तर अमेरिकेतले इमिग्रेशनचे लाभ कायमचे बंद होऊ शकतात. घरी त्याने अजून सांगितलेलं नाही.

आपली माणसं फसतात, त्यात 'नोटरी' या शब्दाचाही हात आहे. आपल्याकडे १९५२च्या कायद्याने नोटरी होतो तो साधारण दहा वर्षं वकिली केलेला माणूस. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसला तरी वकीलच. अमेरिकेत नोटरी फक्त सही खरी असल्याची साक्ष देतो, किराणा दुकानदारही नोटरी असतो. लॅटिन अमेरिकेतही नोटरी मोठा कायदेपंडित, म्हणून स्पॅनिश बोलणारे याच शब्दाला फसतात. अमेरिकेत इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार वकिलाला, किंवा न्याय विभागाने मान्यता दिलेल्या संस्थेच्या प्रतिनिधीला. वकिलाचं नाव राज्याच्या बार कौन्सिलच्या यादीत पाच मिनिटांत सापडतं. तो जी-२८ नावाच्या फॉर्मवर स्वतः सही करतो. "माझं नाव कुठे नको," म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

अर्ज गेला की पावती येते, त्यावर तीन अक्षरं आणि दहा आकडे असतात. तो नंबर सरकारी साइटवर टाकून मुलाने स्वतः बघावा. साइटचा शेवट डॉट गव्ह असाच हवा. गिफ्ट कार्डाने दंड मागणारा फोन सरकारचा नसतो, खुशाल ठेवून द्या. एच-१बीची फी आणि वकिलाचा खर्च कंपनीचा असतो, कंपनीच मुलाकडून पैसे मागत असेल तर तिथेच पाणी मुरतंय.

आणि कॉलेजसुद्धा तपासा हो. मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ सरकारनेच सापळा म्हणून काढलं होतं. वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत. २०१९मध्ये ते उघड झालं, तेव्हा नाव नोंदवलेली सुमारे सहाशे मुलं, बहुतेक भारतीय. दलालांनी कमिशन घेऊन भरती केलेली.

जेवणानंतर मी चिंचेखालच्या पारावर बसते. मोबाइलमध्ये मुलांचे कागद असतील तर दाखवा. कुठला फॉर्म काय आहे ते वाचून सांगेन. पुढे काय करायचं, ते मात्र वकिलालाच विचारा.